काउंटरवरचा श्वास आणि ३० मीटरवरचा

दुकानात स्कूबा डायव्हिंगचा रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा श्वासाजोगी करून तोंडात देणारं यंत्र, हातात आला की माणूस आधी माउथपीस तोंडात धरतो, एक श्वास ओढतो आणि म्हणतो, 'वा, काय हलका आहे!' त्या श्वासावरून फारसं काही कळत नाही. का कळत नाही, तेच आज सांगायचंय.

सिलिंडरमध्ये साधारण २०० बार दाब असतो. सिलिंडरवर बसणारी फर्स्ट स्टेज तो भोवतालच्या पाण्याच्या दाबापेक्षा ९-१० बार वर आणून ठेवते. हा झाला मधला दाब. घरातला गॅसचा रेग्युलेटर एकच आकडा धरून बसतो. इथे खोलीबरोबर आकडा सरकत राहतो. पुढे तोंडात धरायच्या सेकंड स्टेजमध्ये रबरी पडदा. श्वास ओढला की पडदा आत येतो, लिव्हर दाबतो, झडप उघडते. झडप उघडायला लागणारी ओढ म्हणजे क्रॅकिंग एफर्ट.

ती मोजायला पाण्याची बादली पुरते. सिलिंडर उघडा. सेकंड स्टेज पर्ज बटण (पडद्यावरचं, दाबून हवा सोडायचं) खाली, माउथपीस वर अशी आडवी धरून हळूहळू पाण्यात उतरवा. माउथपीसमध्ये पाणी जाऊ देऊ नका. आता पडद्याला पाणीच ढकलतंय. ऐका, सुरू झाली फुसफुस. या क्षणी पडदा पाण्याखाली किती? तीनेक सेंटिमीटर. अडीच ते चारच्या आत असेल तर ठीक. एका सेंटिमीटरवरच हवा सुटली, तर मात्र खूश होऊ नका. पाण्यात आपण पालथे पोहतो, तेव्हा पडदा खाली आणि उच्छ्वासाची झडप त्याच्यापेक्षा वर असते. तेवढ्या फरकानेच हवा आपोआप वाहायला लागेल. फार हलका रेग्युलेटर गळका असतो, तो असा.

उडी मारल्यावर हातातून सुटलेली सेकंड स्टेज माउथपीस वर करून तरंगली की हवा धो-धो सुटते. तिच्यावर ठोकू नका, माउथपीस खाली वळवा, थांबेल. वाहती हवा पडद्यामागचा दाब कमी करते आणि पडदा आत ओढलेलाच राहतो. हा व्हेंच्युरी परिणाम. एकदा सुरू झालेला श्वास आपसूक येतोय असं वाटतं, तेही त्यामुळेच. म्हणून ज्यांच्या सेकंड स्टेजला हा परिणाम कमी-जास्त करणारा खटका आहे, त्यांनी तो उडी मारताना 'प्री-डाइव्ह'वर ठेवावा आणि खाली गेल्यावर 'डाइव्ह'वर.

आता खोली. ३० मीटरवर दाब ४ बार, म्हणजे हवा चौपट दाट. वर मिनिटाला २० लिटर लागत असतील तर तिथे ८० लिटर जातात. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बारला २४०० लिटर, करा हिशोब. जेमतेम ३० मिनिटं, तीही राखीव काही न ठेवता. ही दाट हवा अरुंद वाटांतून पुरेशा वेगाने आली पाहिजे. रेग्युलेटरसाठीच्या युरोपच्या ईएन २५० या मानकाची परीक्षा म्हणूनच अशी असते: ५० मीटर खोली, मिनिटाला ६२.५ लिटर, सिलिंडरमध्ये फक्त ५० बार, आणि श्वासाचे श्रम लिटरमागे ३ ज्यूलच्या आत. काउंटरवर यातलं काहीच नसतं. मुंबईतल्या पोहण्याच्या तलावात, तीन मीटरवर, दाब १.३ बार, तिथेही स्वस्त-महागातला फरक जाणवणार नाही. तो मालवणला, प्रवाहाविरुद्ध फिन मारताना, सिलिंडरच्या गेजचा काटा ५० बारकडे झुकला की कळतो. फर्स्ट स्टेज अनबॅलन्स्ड पिस्टनची, म्हणजे सिलिंडरच्या दाबावर अवलंबून असलेली, असेल तर सिलिंडर रिकामा होताना मधला दाबही उतरतो आणि श्वास जड होत जातो.

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो बारीक गळतीत. सेकंड स्टेज फुसफुसते, म्हणून कुणीतरी तिचीच स्प्रिंग आवळतो. गळती थांबते, श्वास जड होतो, आणि दुखणं राहतं तिथेच. आधी बीसीडीच्या, म्हणजे तरंगणं सांभाळणाऱ्या हवेच्या जॅकेटच्या, इन्फ्लेटर होजला (हवा भरायच्या नळीला) मधल्या दाबाचा गेज लावा. श्वास घेतला की काटा किंचित पडून परत ९.५ला, म्हणजे त्या रेग्युलेटरच्या ठरलेल्या आकड्याला, थांबला पाहिजे. १०, १०.५, ११ असा रांगत वर गेला तर फर्स्ट स्टेजची सीट, म्हणजे झडप बंद करणारी गादी, झिजलीय आणि वाढलेल्या दाबानेच सेकंड स्टेज गळतेय. ती बदला.

तोंडात पाणी येत असेल तर सिलिंडर बंद करा, होजमधली हवा काढून टाका आणि माउथपीसमधून ओढा. काहीच आत येता कामा नये. आलंच, तर उच्छ्वासाच्या झडपेखाली वाळूचा कण किंवा केस बघा, नाहीतर झिप-टायखाली माउथपीस फाटलाय का ते.

धुताना फर्स्ट स्टेजचं तोंड झाकणारी डस्ट कॅप कोरडी करून घट्ट लावा आणि होजमध्ये दाब नसेल तर पर्ज दाबू नका. झडप उघडून पाणी थेट फर्स्ट स्टेजपर्यंत जातं. तिथला फिल्टर हिरवा दिसला तर पाणी शिरलंय. तांबूस दिसला तर स्टीलच्या सिलिंडरचा गंज आलाय. पावसाळ्यात रेग्युलेटर चार महिने कपाटात पडून राहतो, तेव्हा सेकंड स्टेजची स्प्रिंग कमी-जास्त आवळणारा ॲडजस्टमेंटचा नॉब पूर्ण सैल करून ठेवा. नाहीतर स्प्रिंगच्या दाबाने सीटवर खाच पडते आणि ऑक्टोबरमधल्या पहिल्या डाइव्हला फुसफुस सुरू होते.