एक युनिट विजेमागे काय जळतं? गोव्याच्या लाईटीची गोष्ट

नमस्कार मंडळी. डिचोलीहून बोलतोय.

मिरग सुरू होऊन दोन-तीन दिवस झाले होते. संध्याकाळी वाऱ्यानं फणसाची फांदी तारेवर पडली आणि वाड्यावरची लाईट गेली. लाईनमन भर पावसात खांबावर चढला, साडेआठला लाईट आली. मधले दोन तास आम्ही सगळे शेजारच्या आजींच्या पडवीत बसलो होतो, समई लावून. तेव्हा आजींनी मला विचारलं, "पुता, तिळारीचं पाणी आमच्या कालव्यात येतं, मग तिळारीची वीज आमच्याकडे का येत नाही?"

मला तेव्हा नीट सांगता आलं नाही. म्हणून हा व्हिडिओ.

आधी तिळारीचंच सांगतो. वरचं धरण घाटमाथ्यावर, चंदगड तालुक्यात. तिथलं पाणी बोगद्यातून आणि मग मोठ्या पोलादी नळांतून सह्याद्रीच्या कड्यावरून खाली दोडामार्ग तालुक्यात उतरतं, कोनाळच्या वीजघरात. ६० मेगावॅटचा संच आहे, १९८६ पासूनचा. ही वीज महाराष्ट्राची. टर्बाईन फिरवून झालं की तेच पाणी खालच्या धरणात साठतं. हे खालचं धरण आणि कालवे महाराष्ट्र आणि गोवा यांचा एकत्र प्रकल्प, आणि त्याच्या खर्चाचा जवळपास पाऊण भाग गोव्यानं उचललाय. म्हणजे आजींच्या शेतात येणारं पाणी आधी महाराष्ट्रात दिवे लावून येतं. पाण्याचं यात काही कमी होत नाही. ते फक्त उंचीवरून खाली येतं आणि ती उंची आपल्याला देऊन जातं.

मग गोव्याची स्वतःची वीज कुठे आहे? साळावली धरण तुम्ही बघितलंच असेल, तो गोल सांडवा बघायला पावसाळ्यात अर्धा गोवा जातो. पण साळावलीचं पाणी पिण्यासाठी आणि शेतीसाठी. अंजुणेचंही तसंच. मोठं वीजघर कुठेच नाही. सांकवाळला ४८ मेगावॅटचा एक प्रकल्प होता, नाफ्ता म्हणजे खनिज तेलातून निघणाऱ्या एका इंधनावर चालणारा. नाफ्त्याची वीज परवडणारी नव्हे. आणि ऐन मागणीच्या वेळी आख्ख्या गोव्याला लागतात सातशे मेगावॅटच्या वर.

म्हणजे आपली जवळजवळ सगळी वीज बाहेरून येते.

(पडद्यावर भारताचा नकाशा)

हे बघा. हे कोरबा, छत्तीसगडमध्ये, हसदेव नदीच्या काठी. २६०० मेगावॅट, सगळे कोळशावर. हे विंध्याचल, मध्य प्रदेशात सिंगरौलीजवळ. ४७६० मेगावॅट, देशातलं सगळ्यांत मोठं औष्णिक केंद्र. बिहारमध्ये कहलगाव, तेलंगणात रामगुंडम. गुजरातेत कवास आणि गंधार, ही दोन्ही गॅसवरची. तिथलंच काकरापार आणि आपल्या पालघरचं तारापूर, ही दोन अणुऊर्जेची. या केंद्र सरकारच्या वीजघरांत राज्यांना वाटे ठरवून दिलेले असतात, त्यांत गोव्याचाही आहे. कोरबा आपल्यापासून सरळ रेषेत हजार किलोमीटरच्याही पलीकडे आहे, आणि तरीही आपल्या मिक्सरला तिथला कोळसा लागतो.

ती वीज आत येते मुख्यतः दोन वाटांनी. एक कोल्हापूरहून ४०० किलोव्होल्टच्या लाईनवरून कोलवाळच्या सबस्टेशनात. म्हापशाहून पेडण्याकडे जाताना कोलवाळला तारांचं जे जंगल दिसतं ना, तेच. दुसरी कर्नाटकातल्या आंबेवाडीहून २२० किलोव्होल्टवरून फोंड्याला, घाटातल्या रानातून. या दुसऱ्या वाटेकडे आपण परत येणार आहोत.

आता इथे एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं चुकेल. वीज पार्सलसारखी येत नाही. गावातली डेअरी आठवा. सकाळी सगळे कॅन घेऊन जातात, कुणाचं गाईचं, कुणाचं म्हशीचं, सगळं एकाच टाकीत ओततात. संध्याकाळी तुम्ही तिथूनच लिटरभर दूध आणलंत तर ते तुमच्या गाईचं असेल का? कोण जाणे. पण हिशोब चोख असतो, कुणी किती घातलं आणि कुणी किती नेलं. देशाचं ग्रीड, म्हणजे वीजघरं आणि घरं जोडणारं तारांचं जाळं, तसंच. ३१ डिसेंबर २०१३ ला दक्षिणेचं ग्रीड रायचूर ते सोलापूर लाईनीनं बाकीच्या देशाला जोडलं गेलं आणि काश्मीर ते कन्याकुमारी टाकी एकच झाली. त्या टाकीत आज साधारण पाऊण हिस्सा कोळशाचा आहे. अणुऊर्जेचा शंभरात तीनच्या आसपास. बाकी पाणी, सूर्य, वारा, थोडा गॅस.

आणि आता माझ्या टेबलाकडे या.

(कॅमेरा टेबलावर)

एक युनिट वीज म्हणजे काय? एक हजार वॅटची इस्त्री तासभर चालली की एक युनिट. त्या एका युनिटासाठी कोळसा, पाणी आणि अणू, या तिन्ही प्रकारच्या वीजघरांत काय लागतं, ते मी मांडून ठेवलंय.

ही पिशवी बघा. साडेसहाशे ग्रॅम कोळसा, लाकडी नाही, दगडी. हातात धरला तर काळा डाग पडतो, तो साबणानंही लवकर जात नाही. एका युनिटामागे औष्णिक केंद्रात साधारण एवढा कोळसा लागतो. तिथे तो असा ढेकळांनी जाळत नाहीत. चक्कीत दळून पिठासारखा बारीक करतात आणि वाऱ्याबरोबर भट्टीत फुंकतात. पाण्याची वाफ होते पाचशे अंशांच्या वर तापलेली, ती टर्बाईन फिरवते. कोळशातल्या उष्णतेतला जेमतेम एक तृतीयांश भाग वीज होतो, बाकी उष्णता हवेत आणि पाण्यात जाते. (औष्णिक केंद्रांच्या फोटोत कमरेत बारीक असलेले जे मोठे मनोरे दिसतात ना, त्यांतून निघतो तो धूर नव्हे, वाफ आहे. धूर निघतो त्या शेजारच्या उंच, बारीक चिमणीतून.)

आणि हे दुसरं भांडं बघा. पाव किलोला थोडी कमी, राख. आपल्या देशातल्या कोळशात राख फार, शंभरात तीस ते चाळीस. म्हणजे तुम्ही एक युनिट वापरलंत की कुठेतरी ओंजळभर राख उरली. काही सिमेंटमध्ये जाते, विटांत जाते. उरलेली पाण्यात कालवून तळ्यांत सोडतात, शेकडो एकरांची राखेची तळी असतात. उन्हाळ्यात ती सुकली आणि वारा सुटला की राख आसपासच्या गावांत उडते. शिवाय किलोभर कार्बन डायऑक्साईड, तो मला भांड्यात दाखवता येत नाही.

आता पाणी. त्यासाठी टेरेसवर चला. ही आमची काळी टाकी, एक हजार लिटरची. कोयनेचं पाणी डोंगराच्या पोटातून पोफळीच्या बाजूला पावणेपाचशे मीटरच्या आसपास खाली उतरतं. एवढ्या उंचीवरून ही आख्खी टाकी रिकामी केली तर मिळतं साधारण एक युनिट. मी हा हिशोब पहिल्यांदा केला तेव्हा मला तो चुकलाय असंच वाटलं. पुन्हा केला. टाकीभर पाणी, जवळपास पाचशे मीटर, आणि हाती एक इस्त्री एक तास! म्हणून जलविद्युतला नुसतं पाणी पुरत नाही, उंची लागते, आणि म्हणूनच ती सह्याद्रीत शोभते.

कोयना १९६० मेगावॅटची. पण ती रात्रंदिवस चालवण्यासाठी नाहीच. कोळशाची भट्टी थंड असली तर पेटवून पूर्ण जोरात यायला कित्येक तास लागतात. अणुभट्टी तर एका लयीत चालवण्यातच शहाणपण. पाण्याचं मात्र दार उघडलं की काही मिनिटांत वीज हजर. संध्याकाळी सातला देशभर दिवे लागतात, पंखे फिरतात, तेव्हा ग्रीडची लय ५० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनांच्या, खाली जायला बघते. त्या वेळी कोयनेसारखी वीजघरं हात देतात. आणि त्यांना हात राखूनही द्यावा लागतो. कृष्णेच्या खोऱ्यातलं कोयनेचं पाणी असं पश्चिमेला वळवण्यावर मर्यादा आहे, वर्षाला ६७.५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. हे पाणी खाली वाशिष्ठीतून समुद्राला मिळतं, कृष्णेकाठच्या शेतकऱ्याला परत मिळत नाही. शिवसागर जलाशयाखाली गेलेल्या गावांची माणसं वेगळीच. पाण्याची वीज स्वच्छ आहे, हे मीही म्हणतो. पण ती फुकट आहे असं मला त्या माणसांसमोर म्हणता येणार नाही.

आणि ही तिसरी वस्तू. जवळ घ्या कॅमेरा. दिसतोय? तांदळाचा एक दाणा.

कर्नाटकातल्या कैगासारख्या अणुकेंद्रात इंधनाचे गठ्ठे असतात, हैदराबादला बनतात. अर्धा मीटर लांब, १९ नळ्या एकत्र बांधलेल्या, आत युरेनियमच्या गोळ्या, सगळ्याचं वजन पंधरा किलोच्या आसपास. ज्वारीची छोटी पिशवी म्हणा. तसा एक गठ्ठा भट्टीत पूर्ण वापरून झाला की ढोबळ हिशोबानं सहा लाख युनिटं देऊन जातो. तेवढ्याच विजेसाठी कोळसा लागेल सुमारे ४०० टन, मालगाडीचे सहा-सात डबे. भागाकार करा. एका युनिटाला आलं वीस-पंचवीस मिलिग्रॅम इंधन. तांदळाचा एक दाणा.

पण हा दाणा संपत नाही. कोळशाची राख झाली, पाणी वाहून गेलं. भट्टीतून निघालेला गठ्ठा दिसायला होता तसाच असतो, आणि जवळ उभं राहता येणार नाही इतका किरणोत्सारी असतो. आधी वर्षानुवर्षं पाण्याच्या टाकीत ठेवावा लागतो, आणि त्यातल्या काही घटकांची राखण पुढच्या हजारो वर्षांची आहे.

कैगाचं नाव मी मुद्दाम घेतलं. काणकोणहून सरळ रेषेत ते पन्नास किलोमीटरच्या आत आहे. काळी नदीच्या काठी, कारवार तालुक्यात, दाट जंगलात. २२० मेगावॅटच्या चार भट्ट्या, एकूण ८८०. थंड करायला पाणी कद्रा धरणाचं. आपण गोकर्णला जाताना कारवारजवळ काळीच्या पुलावरून जातो, तीच नदी. तिच्यावर सुपा, नागझरी, कोडसळ्ळी, कद्रा अशी ओळीनं वीजघरं आहेत, आणि त्याच पाण्यावर अणुभट्ट्याही. एकाच नदीनं एवढं काम करणं मी दुसरीकडे फारसं पाहिलेलं नाही.

कैगाच्या पहिल्या भट्टीनं मे २०१६ पासून ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत एकदाही न थांबता वीज दिली, सलग ९६२ दिवस. तेव्हा तो जगातला विक्रम होता. आणि याच भट्टीचं बांधकाम चालू असताना, मे १९९४ मध्ये, तिच्या घुमटाचा आतला काँक्रीटचा थर निखळून कोसळला होता. इंधन अजून यायचं होतं म्हणून किरणोत्साराचा प्रश्न आला नाही. घुमटाची रचना बदलून तो परत बांधला. मला विचाराल तर दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगायला हव्यात. विक्रम सांगणारे घुमट विसरतात, घुमट सांगणारे विक्रम. काणकोणच्या शाळेतल्या मुलांना दोन्ही ठाऊक असायला हवं, कारण शेजार त्यांचा आहे.

आता ती घाटातली दुसरी वाट. तमनार हे नाव तुम्ही २०२० मध्ये ऐकलं असेल. छत्तीसगडच्या रायगड जिल्ह्यातलं कोळशाच्या वीजघरांचं गाव. त्या नावाचा प्रकल्प म्हणजे गोव्यात ४०० किलोव्होल्टची नवी लाईन आणणं, धारवाडजवळच्या नरेंद्रहून मोल्याच्या रानातून. सांगोडला झाडं पडली, लोक रस्त्यावर आले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयानं सांगितलं, जंगलात नवी वाट कापू नका, आधीच असलेल्या २२० किलोव्होल्टच्या पट्ट्यातूनच लाईन न्या. मला हे मनापासून पटलं. त्या वेळी वीज हवी की जंगल, असा प्रश्न जो तो विचारत होता. प्रश्न तारा कुठून न्यायच्या हा होता.

याच वेळी वास्कोच्या कोळशाबद्दलही एक गैरसमज झाला, अजून होतो. मुरगाव बंदरात उतरणारा कोळसा आपल्या विजेसाठी नाही. तो रेल्वेनं घाट चढून जातो कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे. वास्कोच्या घरांत खिडकीवर बसते ती काळी धूळ त्या कोळशाची. आपल्या विजेच्या कोळशाची धूळ आणि राख तिकडे, दुसऱ्यांच्या खिडकीवर.

काल हे आमचं बिल आलं. १८६ युनिटं. डेअरीच्या हिशोबानं त्यातली पाऊण, म्हणजे १४० च्या आसपास, कोळशाची. सुमारे नव्वद किलो कोळसा, एका घराचा एक महिना. राख तीस किलो. मी ते बिल घेऊन आजींकडे गेलो, आणि तिळारीपासून सगळं सांगितलं. त्यांनी तांदळाच्या दाण्याचं ऐकून घेतलं, टाकीचं ऐकून घेतलं. मग विचारलं, "ती तीस किलो राख कुणाच्या दारात पडते?"

कोरब्याच्या, म्हटलं. सिंगरौलीच्या.

आजी उठल्या आणि पडवीतला दिवा बंद केला. बाहेर अजून उजेड होता.