हमामखाना, तीर्थकुंड आणि घरातल्या बाईची सुट्टी

श्रोतेहो, नमस्कार.

सुट्ट्या तोंडावर आल्या की घराघरांत एकच विषय निघतो, यंदा कुठं जायचं? मुलांना किल्ला चढायचा असतो, म्हाताऱ्या माणसांना देवदर्शन हवं असतं, कर्त्या माणसाचं लक्ष खर्चाकडं असतं. घरातल्या बाईला मात्र सहसा कुणी विचारत नाही. ती पहाटे चारला उठून धपाटे थापते, दशम्या बांधते, पाण्याच्या बाटल्या भरते आणि सगळ्यांच्या मागून गाडीत बसते. परतल्यावर धुण्याचा ढीग तिच्याच वाट्याला. आज मी सहलीबद्दल बोलणार आहे, पण तिच्या बाजूनं.

गेल्या हिवाळ्यात आम्ही घरातले सगळे वेरूळच्या बाजूला मुक्कामाला गेलो. सासूबाई, नणंद, आम्ही दोघं आणि मुलं. राहायला मुद्दाम असं ठिकाण पाहिलं की जिथून लेणी जवळ आणि जिथं स्पाची चांगली सोय. नात्यातल्या काहींनी नाकं मुरडली. आपल्यासारख्यांना हे शोभतं का, असं एकदोघं बोललेही. मला ते पटत नाही. उन्हातान्हात, चुलीपुढं, शेतात राबलेल्या अंगाला तेल लागावं, वाफ मिळावी, यात न शोभण्यासारखं काय आहे?

आणि ही चैन आपल्या मराठवाड्याला नवी तर मुळीच नाही. दौलताबादला आपण जातो ते अंधारी म्हणजे किल्ल्यातली काळोखी भुयारी वाट बघायला, मेंढा तोफ बघायला, 1187 च्या सुमारास यादवराजा पाचव्या भिल्लमानं वसवलेली देवगिरी बघायला. किल्ल्याच्या खालच्याच भागात शाही हमाम आहे, त्याच्यापुढून मात्र बहुतेक लोक थेट चढाकडं निघून जातात. जरा आत जाऊन बघा. गरम पाण्याच्या स्नानासाठी आणि मालिशसाठीच बांधलेली ही इमारत आहे. पाणी साठवायला टाक्या, ते खेळवायला पाट आणि नळ, हवेसाठी झरोके. आधी ऊब, मग चोळणं, मग स्नान, हा हमामाचा क्रम. आजच्या स्पामध्ये आपण पैसे मोजून घेतो ते याहून फार वेगळं नाही.

तिथून जवळच हत्ती हौद आहे. सुमारे 38 मीटर लांब आणि तितकाच रुंद, जवळपास 10 हजार घनमीटर पाणी मावेल एवढा. आपल्या भाषेत सांगायचं तर 10 हजार लिटरचे हजारभर टँकर रिते करावेत तेव्हा तो भरेल. काठावर उभं राहून माझ्या मुलीनं हा हिशेब केला तेव्हा सासूबाईंनी कपाळाला हात लावला. त्यांनी टँकरमागं हंडे घेऊन पळण्यात कैक उन्हाळे घालवलेत. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे आपण कुणीच विसरलेलो नाही. म्हणून माझं सांगणं आहे की स्पा निवडताना पाण्याचाही विचार करा. मोठा टब एकदा भरायला दीड-दोनशे लिटर पाणी जातं. तेल लावून, वाफारा घेऊन वर बादलीभर ऊन पाण्यानं अंघोळ केली तर सुख तेवढंच मिळतं. आम्ही टबाला नाही म्हणालो आणि अभ्यंग घेतलं.

म्हणजे मी आणि नणंद, आम्ही दोघी घेणार होतो. सासूबाई कुठं तयार होतात?

"तेल काय आपल्या घरी नाही का? एवढ्या पैशात निंदायला आठ बाया येतील."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मी गप्प राहिले. पण माझी नणंद त्यांचीच लेक, ती म्हणाली, "माय, तू गावातल्या किती बाळंतिणींचं अंग चोळलंस? तुझं कुणी चोळलं कधी?"

यावर त्या काही बोलल्या नाहीत. पदर सावरला आणि उठल्या.

मला सोबत बसू दिलं होतं, म्हणून मी सगळं पाहिलं. तेल लावणारी मुलगी पैठणकडची, विशीतली. तिनं आधी विचारलं, "आजी, बीपीची गोळी चालू आहे का? साखर आहे का? कुठं दुखतं?" मग तिळाचं तेल कोमट करून तळपायापासून सुरुवात केली. सासूबाईंच्या टाचांच्या भेगा खोल आहेत, काळ्या मातीची रेघ त्यातून कधी जात नाही. त्यांनी लाजून पाय आखडून घेतला. त्या पोरीनं तो परत अलगद हातात घेतला आणि अंगठ्यानं प्रत्येक भेगेत तेल जिरवलं. पिंढरीला लांब हात, गुडघ्याला गोल हात. आयुर्वेदाचे जुने आचार्य वाग्भट यांनी डोकं, कान आणि पाय यांना विशेष करून तेल लावायला सांगितलंय. ती मुलगी तेच करत होती.

बीपीमुळं त्यांना पेटीत बसवून सगळ्या अंगाला वाफ द्यायची नव्हती, म्हणून नळीनं फक्त गुडघ्यांना दिली. पाण्यात पाला उकळत होता. वास येताच सासूबाई एकदम म्हणाल्या, "अगं, ही तर आपल्या बांधावरली निरगुडी!" मग त्या पोरीला निरगुडीचा शेक कसा बांधायचा, एरंडाच्या पानावर तेल कसं चोपडायचं, हे सांगत बसल्या. तीही हातातलं काम न थांबवता सगळं ऐकत होती. त्या दुपारी सासूबाई गाढ झोपल्या. घरी दुपारी त्यांना पडलेलं मी क्वचितच पाहिलंय, आणि आम्ही कुणीही त्यांना चहाला उठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेरूळ. लेणी 34 आहेत, सगळी एका दमात बघायचा हट्ट धरू नका. सोळावं कैलास लेणं पोटभर बघा. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात हा डोंगर वरून खाली कोरत आणला. तिथून एकोणतिसाव्या लेण्याकडं या. लोक त्याला सीतेची न्हाणी म्हणतात. पावसाळ्यात शेजारीच धबधबा कोसळतो. हिवाळ्यात पाणी बारीक होतं, पण गारवा टिकून असतो.

घृष्णेश्वराचं दर्शन घेऊन आम्ही शिवालय तीर्थाला गेलो. अहिल्याबाई होळकरांनी बांधून घेतलेलं हे कुंड. चारी बाजूंनी पायऱ्या उतरत जातात, मधे छोटी देवळं आहेत. दौलताबादचा हमाम पाहून आलेल्या माणसानं इथं यावंच. तो हमाम राजवाड्यातल्यांसाठी होता. इथं दूरवरून पायी येणाऱ्या कुणाही बाईला पाय बुडवून बसता यावं, याची सोय एका राणीनं केली. मला दोन्ही वास्तू आवडतात, पण जीव या कुंडावर जास्त जडला.

आता जायचंच ठरवलं तर थोडं कामाचं सांगते. ठिकाण ठरवण्याआधी फोन करून विचारा की बायकांना तेल लावायला बाईच असते ना. कुणाला हृदयविकार, ताप किंवा गर्भारपण असेल तर ते आधीच सांगा, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाफारा घेऊ नका. साखरेच्या आजारात पायाची जाणीव कमी झालेली असू शकते, त्यामुळं पाणी किती कढत आहे ते दुसऱ्यानं हात घालून बघावं. जेवण झाल्याझाल्या तेल किंवा वाफ नको, मधे दोन तास तरी जाऊ द्या. वाफाऱ्यानंतर पाणी प्या आणि लगेच वाऱ्यात फिरू नका.

सगळ्याच घरांना असा मुक्काम परवडेल असं नाही, हे मला माहीत आहे. तेव्हा सगळ्यांनी स्पा घेतलाच पाहिजे असं नाही. आम्ही पोरांना वगळलं, पुरुषांना वगळलं, कारण आमच्या घरात सगळ्यांत जास्त दमलेलं माणूस कोण, हे आम्हाला ठाऊक होतं. तुमच्या घरात ते कोण आहे ते ओळखा आणि पैसे तिथं घाला.

आणि एक लक्षात ठेवा. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात. त्या दिवशी दौलताबाद करा, नाहीतर खुलताबादला भद्रा मारुतीचं दर्शन घेऊन वर म्हैसमाळला जा. दौलताबादच्या रस्त्यावर हंगामात पेरू आणि सीताफळांच्या पाट्या लागलेल्या असतात, तिथं गाडी थांबवायला विसरू नका.

नमस्कार.