वादकाला थांबता आलं पाहिजे

मुलाचं रक्त काढताना सुई आत जायला काही सेकंदच लागतात. पण स्पिरिटचा वास आला, दंडाला रबरी पट्टा आवळला, की मूल काय ते समजून जातं आणि रडायला लागतं. तेव्हा रुग्णालयात अशा मुलांचं दुखणं आणि भीती कमी व्हावी म्हणून वाजवणाऱ्या वादकांनो, सुई पाकिटातून बाहेर निघायच्या कितीतरी आधी वाजवायला लागा.

इटलीत फ्लॉरेन्सच्या मायर बालरुग्णालयात ४ ते १३ वर्षांच्या १०८ मुलांवर एक अभ्यास झाला, २००७मध्ये तो प्रसिद्ध झाला. निम्म्या मुलांजवळ फक्त आईवडील होते, निम्म्यांजवळ आईवडील आणि वादक. वादक असलेल्या मुलांचा ताणही कमी राहिला आणि वेदनाही. वेदनेचे अभ्यासक मेलझॅक आणि वॉल यांनी १९६५मध्ये मांडलेला ‘गेट’ सिद्धांत तुमच्यापैकी अनेकांनी अभ्यासला असेल. वेदनेचा संदेश वर जाताना मज्जारज्जूत त्याला वाट मोकळी मिळते किंवा अडते, आणि त्यात मेंदूचंही चालतं. घाबरलेल्या मुलाला तीच सुई जास्त दुखते, ती यामुळे.

मग मोबाइलवर गाणं लावलं तर? काहीच नसण्यापेक्षा बरं, लावा. पण मूल किंचाळलं तरी मोबाइल त्याच वेगात वाजत राहतो. वादक मुलाच्या छातीकडे बघतो. श्वास भराभर चालला असेल तर ठेकाही जलद धरतो, आवाजही चढा ठेवतो. किंचाळणाऱ्या मुलापुढे अंगाई गाऊन काही होत नाही, उलट ते चिडतं. आधी त्याच्या लयीत जायचं, ते आपल्याकडे वळलं की एकेक मात्रा सैल सोडत यायचं. मोकळ्या हातात खुळखुळा द्यायचा आणि त्याला सांगायचं, ‘तू थांब म्हणालास की मी थांबणार.’ आणि खरंच थांबायचं! त्या खोलीत बाकी सगळं दुसऱ्यांनी ठरवलेलं असतं. एवढी एक गोष्ट त्याच्या हातात राहू द्या.

आईवडिलांनाही गायला लावा, बेसूर असले तरी. ‘काही नाही होणार, काही नाही होणार’ असा धीर देत राहिलं की मुलाची भीती अनेकदा वाढते, हे अभ्यासांत दिसलं आहे. गाण्यात तोंड गुंतलं की ते वाक्य आपोआप बंद होतं. सिस्टर शीर शोधत असतील तेव्हा मात्र आवाज खाली आणा, त्यांना एकमेकींचं बोलणं ऐकू यायला हवं.

आणखी एक, जरा कडक शब्दांत सांगतो. वादक आला म्हणून बधिर करणारं मलम टाळायचं, असा हिशेब कुणी करू नये. ते साधारण तासभर आधी लावावं लागतं. ते लावलंय का, हे वाद्य बाहेर काढण्याआधी विचारा.