गिऱ्हाईक हाच परीक्षक

(तालुक्याच्या गावी व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचं शब्दांकन. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)

अध्यक्ष, संयोजक आणि मंडळी,

पत्रिकेवर विषय छापलाय 'ग्रामीण कम्युनिटी कॉलेज : विद्यार्थी, उद्योजक आणि परिसर'. कम्युनिटी कॉलेज म्हणजे आसपासच्या लोकांना लागणारी कामं हातानं शिकवणारं कॉलेज. एवढा भारदस्त विषय मी दिलेला नव्हता. मी फोनवर फक्त म्हणालो होतो, 'पाबळविषयी बोलतो.' बाकीची सजावट संयोजकांची. मी फॅब्रिकेशनवाला माणूस. गेट, ग्रिल, शेड, ट्रॉली. त्यामुळे 'परिसर' वगैरे शब्द माझ्या तोंडून आले तर टाळ्या वाजवा, पुन्हा येणार नाहीत.

पाबळ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं असेल, निदान मस्तानीच्या कबरीसाठी तरी. शिरूर तालुक्यातलं, पाऊस रुसलेल्या पट्ट्यातलं गाव. तिथं 1983 साली डॉ. श्रीनाथ कलबाग येऊन राहिले आणि त्यांनी विज्ञान आश्रम काढला. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात काम केलेला शास्त्रज्ञ, अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाचा पीएच.डी. आता गंमत बघा, अमेरिकेतलं पहिलं सरकारी ज्युनिअर कॉलेज, ज्या रोपट्यातून पुढं त्यांची कम्युनिटी कॉलेजं वाढली, तेही इलिनॉयमधल्याच जोलिएट गावात 1901 साली निघालं. या दोन गोष्टींचा काही संबंध आहे असं माझं म्हणणं नाही. पण व्याख्यानात एखादा योगायोग टाकला की वक्ता वाचून आलाय असं वाटतं.

कलबागांचा हिशोब सरळ होता. शाळेत नापास झालेलं, शाळा सुटलेलं पोर घ्यायचं. वर्षभर तिथंच राहायचं, खायचं, काम करायचं. विभाग चार : अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, गृह-आरोग्य, शेती-पशुपालन. एकाच पोरानं चारही करायचे. कारण गावात फक्त वेल्डर असून भागत नाही. त्याला मोटरही बघता आली पाहिजे, विटांचा थरही लावता आला पाहिजे, आणि शेळी आजारी पडली तर निदान कुणाला बोलवायचं हे कळलं पाहिजे. या अभ्यासक्रमाला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची मान्यता आहे. पण मला आवडतं ते वेगळंच. शिकता शिकता ही पोरं गावाची कामं करायची. घुमटासारखी घरं बांधायची, विहिरीसाठी जमिनीखालचं पाणी यंत्रानं तपासायची, रक्तातलं हिमोग्लोबिन बघून द्यायची. आणि शिकवणारा मास्तर नुसता मास्तर नाही; त्यानं आपला विभाग धंद्यासारखा चालवायचा. गिऱ्हाईक आणायचं, माल द्यायचा, पैसे घ्यायचे. 2002 मध्ये तिथं अमेरिकेतल्या एमआयटीच्या मदतीनं फॅब लॅब, म्हणजे संगणकावर आखून यंत्रावर वस्तू बनवायची कार्यशाळा, आली, तेव्हा वर्तमानपत्रांना पाबळ दिसलं. माझ्या दृष्टीनं खरी लॅब त्याच्या आधीच सुरू झाली होती, ज्या दिवशी पहिल्या गिऱ्हाइकानं पैसे मोजले त्या दिवशी.

हे मी का म्हणतो ते सांगतो. नवीन पोराला मी पहिलं काम गेटचं देतो. चार अँगल कापले, काटकोन बघायला गुण्या लावला, चारी कोपऱ्यांत टॅक, म्हणजे वेल्डिंगचे छोटे टाके, मारले. इथपर्यंत सगळं काटकोनात. मग पोराला येते घाई. एका बाजूनं सुरू करतो आणि वेल्डिंगचा बारा नंबरचा रॉड संपेपर्यंत भरतच जातो. लोखंड तापलं, गार होताना ओढलं गेलं, फ्रेम तिरकी झाली. डोळ्याला दिसत नाही. वेल्डवरची स्लॅगची खपली झाडली, ग्राइंडर मारला, रेडऑक्साइड लावला, की कुठलाही परीक्षक पंचवीसपैकी बावीस देईल. पण गेट ज्या आजीच्या गोठ्याला बसतं, ती कडी लावून बघते. कडी बसत नाही. आजी म्हणते, "लेकरा, म्हस बाहेर गेल्यावर तू येणारेस का आनायला?" त्या दिवसानंतर तो पोरगा आयुष्यात कधी एका बाजूनं वेल्ड भरत नाही. एक टाका इकडं, एक समोर. कर्णाला टेप लावून दोन्ही मापं सारखी आली की मगच पुढं. हे फळ्यावर सांगून होतं का? सांगतात की. 'डिस्टॉर्शन' नावाचा अख्खा धडा असतो. पाच मार्कांना येतो.

आता दुसरी बाजू. नाव घेत नाही, जिल्हाही सांगत नाही, हसू नका, तुम्ही समजताय ते नाहीये. एका कॉलेजात कौशल्याचा अभ्यासक्रम सुरू झाला आणि मला उद्योग-सल्लागार समितीवर घेतलं. पत्र आलं, लेटरहेडवर, 'आपल्यासारख्या नामवंत उद्योजकाचा'. बायकोनं ते फ्रिजवर लावलं. बैठकीला गेलो. शाल, श्रीफळ, गुलाबाचं फूल. फूल घ्यायला मी उजवा हात पुढं केला तर त्याच हातात नारळ. मग प्रत्येकाची ओळख, मग प्राचार्यांचं प्रास्ताविक, मग पोहे. पोहे उत्तम होते, हे नोंदवून ठेवतो. मग क्लार्कनं वही पुढं केली, "साहेब, इथं सही." मी म्हटलं, कशावर? म्हणाला, इतिवृत्तावर. बैठकीचं इतिवृत्त, आणि बैठक अजून व्हायचीय! मी वाचलं. त्यात मी तीन सूचना केल्या होत्या. चांगल्या होत्या सूचना, मला सुचल्या नसत्या.

मी म्हटलं, वर्कशॉप तरी दाखवा. दाखवलं. कोपऱ्यात नवा लेथ, लोखंड कातायचं यंत्र, प्लॅस्टिकच्या आवरणात, त्यावर दसऱ्याचा झेंडूचा हार वाळलेला. चालवून दाखवा म्हटलं तर सगळे एकमेकांकडं बघायला लागले. लेथला लागणारी थ्री फेज वीजच त्या खोलीत नव्हती. मशीन एका खर्चाच्या शीर्षात, वायरिंग दुसऱ्या. पोरं काय करतात मग? लेथची आकृती काढतात. छान काढतात, शेडिंगसकट. यातलाच एक पोरगा प्रमाणपत्र घेऊन माझ्याकडं आला. म्हटलं, वेल्डिंगचा रॉड अडकवायचा होल्डर धर. त्यानं हातमोजा न घालता धरला. "काका, आम्हाला व्हिडिओवर दाखवलंय." पोराचा काय दोष? पुढचे सहा महिने त्यानं जे शिकायचं ते माझ्याकडं, माझ्या रॉडवर शिकला. आणि कॉलेजच्या अहवालात तो 'प्लेसमेंट' म्हणून लागला. रॉडचं बिल कुणाला पाठवू, हा प्रश्न मी अजून...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं राहिलीत म्हणतात. म्हणजे विषय आता सुरू करायला हवा.

भराभर सांगतो. विद्यापीठ अनुदान आयोगानं 2013-14 पासून कम्युनिटी कॉलेजांची योजना आणली, मग बी.व्होक., म्हणजे व्यवसाय शिक्षणाची पदवी, आलं. बी.व्होक.मध्ये साठ टक्के कौशल्य, चाळीस टक्के सामान्य शिक्षण. एका वर्षानं थांबलात तर डिप्लोमा, दोन वर्षांनी अ‍ॅडव्हान्स डिप्लोमा, तिसऱ्यानं पदवी. कागदावर याहून चांगली रचना मला तरी सुचवता येणार नाही. माझं एवढंच म्हणणं, त्या साठ टक्क्यांतले निम्मे मार्क बाहेरच्या खऱ्या कामाला द्या. गावातलं काम, पावतीवर केलेलं, आणि मार्क देताना गिऱ्हाइकाला विचारा. कर्मवीर अण्णांनी 'कमवा आणि शिका' म्हटलं, त्यातला 'कमवा' आपण ऑफिसातल्या फायली लावण्यापुरता ठेवलाय.

आता आपण मालक लोक. इथं पुढच्या दोन रांगांत बरेच बसलेत, ओळखीचे आहेत म्हणून बोलतो. 'कुशल माणूस मिळत नाही' हे आपलं कायमचं रडगाणं. अ‍ॅप्रेंटिसचा कायदा 1961 चा आहे. तीस किंवा जास्त माणसं असतील तर अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घेणं बंधनकारक. चार माणसांपासून पुढं स्वखुशीनं घेता येतात. 2016 च्या योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिना दीड हजारापर्यंत, सरकार सोसतं. आपल्यातल्या किती जणांनी घेतले? हात वर करू नका, फोटोग्राफर आहे. शिकवायला वेळ नाही म्हणतो आणि शिकलेला तयार मिळावा म्हणतो. दुसऱ्यानं तयार केलेला पोरगा पाचशे रुपये जास्त देऊन पळवतो, मग आपला पळवला की संस्कार आठवतात. रांजणगाव, चाकणच्या मोठ्या कंपन्यांकडं बोट दाखवणं सोपं आहे. त्या निदान ट्रेनिंगसाठी एक खोली तरी ठेवतात.

अजून एक मुद्दा, आणि तो शेवटचा, मला दिसतंय, अध्यक्ष घड्याळ काढून टेबलावर ठेवतायत. मुली. माझ्याकडं आलेल्या दोन मुलींचा टॅक कुठल्याही पोरापेक्षा बारीक आणि सरळ होता. दोघींनी काम सोडलं. घरच्यांचा विरोध नव्हता, लग्नही ठरलं नव्हतं. शिफ्ट सुटायच्या आधी गावाकडची शेवटची गाडी निघून जाते, एवढंच. कॉलेजचा अभ्यासक्रम, आपला पगार, सरकारची योजना, सगळं त्या गाडीच्या वेळेपाशी अडतं. म्हणून आगारप्रमुखांना द्यायचा एक अर्ज मी टाइप करून आणलाय, शेवटची गाडी पाऊण तास उशिरा सोडावी असा. बाहेर चपलांच्या शेजारी टेबलावर ठेवलाय. पेन दोरीनं बांधलंय, नेऊ नका. मालकांनी सही करताना कारखान्याचा शिक्का मारावा, म्हणजे तिकडं जरा वजन पडेल.