लाल पाटी आणि शेजारचा फोल्डर

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय भारदस्त छापलाय: ‘सामायिक मोशन ग्राफिक्स टेम्पलेटमधील गहाळ मीडिया’. ‘गहाळ’ वाचून समोरचे दोन आजोबा पोलीस खात्याचा कार्यक्रम समजून आलेत असा मला दाट संशय आहे. बसा हो, इथेही तपासच आहे. फक्त चोर आपल्याच ग्रुपमधला निघतो.

ती लाल पाटी इथे सगळ्यांच्या ओळखीची आहे. दुसऱ्याने दिलेलं प्रोजेक्ट प्रीमियर या व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडावं, आणि वक्त्याच्या नावाची पट्टी जिथे झोकात सरकत यायची तिथे लालभडक चौकट. तिच्यात नाना भाषांत एकच निरोप: मीडिया ऑफलाइन. मराठीत मात्र नाही. त्यावर मी वेगळं व्याख्यान देईन, पण हॉल आठपर्यंतच आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, कारण शेवटी वेळ उरत नाही. टेम्पलेटमधलं, म्हणजे हलत्या अक्षरा-चित्रांच्या तयार साच्यातलं, काही हरवलं म्हणून आपण गळा काढतो तेव्हा बहुतेक वेळा ते देणाऱ्याने दिलेलंच नसतं. आणि घेणाऱ्याने विचारलेलं नसतं.

आता ती मंडळाची गोष्ट. ज्यांनी ऐकलीय त्यांनी चहा घेऊन यायला हरकत नाही.

पेठेतलं एक जुनं मंडळ. नाव सांगत नाही, मला रोज तिथूनच जावं लागतं. मंडळाच्या इतिहासावर लघुपट करायचा ठरला. माजी अध्यक्ष, मूर्तिकार, पथकातले वादक, सगळ्यांच्या मुलाखती. प्रत्येकाच्या नावाची पट्टी, आणि तिच्यावर झेंडूचं तोरण उलगडतं. काम सुरेख होतं, खोटं कशाला बोलू. एका हुशार मुलाने आफ्टर इफेक्ट्स या अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये ती पट्टी बांधून तिची मोगर्ट, म्हणजे टेम्पलेटची फाईल, काढून दिली होती. कापाकापी दुसऱ्याकडे, शेवटचा हात तिसऱ्याकडे. नदीपात्रात ढोलांचा सराव चाललेला, आणि त्या दणदणाटात टपरीवर दुसऱ्या-तिसऱ्याची पेनड्राइव्हची देवाणघेवाण. पेनड्राइव्हमध्ये काय, तर प्रोजेक्टची फाईल आणि कॅमेऱ्याचं फुटेज. ‘सगळं आहे ना?’ ‘सगळं आहे.’ आपल्या धंद्यातलं सर्वात महागडं वाक्य ते हेच. लग्नाचं शूटिंग करणारे मान डोलावतायत बघा.

तिसऱ्याने रात्री उघडलं, तर झाडून सगळ्या पट्ट्या लाल. मोगर्टची मूळ फाईल त्याच्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली होतीच. ती नव्याने आत घेतली आणि लाल झालेल्या प्रत्येक जागी नवी पट्टी ओढून बसवली. डोळ्यांवर झोप, लक्ष तोरणावर. तोरण उलगडलं, पोरगं खूश, रेंडर लावून झोपलं. दुसऱ्या दिवशी मांडवात एलईडी भिंतीवर लघुपट सुरू. माजी अध्यक्ष गहिवरून बोलतायत, तोरण उलगडतंय आणि तोरणाखाली ठळक अक्षरांत: ‘येथे नाव लिहा’. त्याखाली बारीक: ‘येथे पद लिहा’. मग मूर्तिकार आले. येथे नाव लिहा. मग नगरसेवक आले, आणि ‘येथे पद लिहा’ला जी टाळी पडली म्हणता!

यात नावं कुठे गेली होती? कुठेच नाही. ती त्या लाल पट्ट्यांमध्येच होती, याने त्या पुसून टाकल्या. मोगर्ट तुम्ही टाइमलाइनवर ओढलीत की प्रीमियर तिच्यातली एईग्राफिक नावाची फाईल बाहेर काढतं आणि प्रोजेक्टच्या शेजारी ‘मोशन ग्राफिक्स टेम्पलेट मीडिया’ नावाचा फोल्डर करून त्यात ठेवतं. पट्टी जोडलेली असते ती या प्रतीला. तुम्ही टाइप केलेली नावं राहतात प्रोजेक्टमध्ये, तोरण राहतं या फोल्डरमध्ये. फोल्डर मागे राहिला की तोरण नाही, पट्टी लाल. मूळ मोगर्ट आत घेऊन जुनी पट्टी जिवंत होत नाही, दुसरी जन्माला येते, तीही बारशाआधीची.

हा फोल्डर बसतो ऑटो-सेव्ह आणि प्रीव्ह्यूच्या फोल्डरांशेजारी. त्यामुळे डिस्कवर जागा करायला निघालेला माणूस कचरा समजून त्यालाही उडवतो. तो मिळाला तर लाल पट्टीवर राइट क्लिक, ‘लिंक मीडिया’, ती एईग्राफिक दाखवा, नावं होती तशी परत. अजिबातच मिळाला नाही, तर मोगर्टची एक प्रत घेऊन तिचं एक्स्टेन्शन झिप करा. मोगर्ट ही मुळात झिपच असते. उघडलीत की आत एईग्राफिक दिसेल. टेम्पलेट तेच, आवृत्ती तीच असेल तर ती जोडून पाहा. आधी पट्ट्या डिलीट करू नका, एवढं जरी...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. आणि जाहीर केलेला विषय तर अजून निम्मा बाकी आहे. भराभर सांगतो.

फॉन्ट. मोगर्ट काढताना कॉम्पोझिशनमधली, म्हणजे आफ्टर इफेक्ट्समध्ये बांधलेल्या पट्टीतली, चित्रं, व्हिडिओ आत बांधले जातात, फॉन्ट बांधला जात नाही. अडोबी फॉन्ट्सवरचा असेल तर उतरवून घेता येतो, नाहीतर समोरच्याच्या मशीनवर हवाच. आपल्याकडे अजून जुने, युनिकोडपूर्व मराठी फॉन्ट चालतात. तसला फॉन्ट नसला की अध्यक्षांचं नाव रोमन अक्षरांचा चिवडा होऊन येतं. ही पट्टी लाल होत नाही, म्हणून जास्त घातक. फॉन्ट युनिकोड आहे तरी वेलांटी भलत्याच अक्षरावर गेली, तर प्रेफरन्सेसमध्ये ग्राफिक्सखाली टेक्स्ट इंजिन ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ करा.

प्लगइन. बाहेरचं प्लगइन, म्हणजे दुसऱ्या कंपनीचं जोडसॉफ्टवेअर, वापरून केलेली पट्टी असेल तर घेणाऱ्याकडे आफ्टर इफेक्ट्सही लागतं आणि ते प्लगइनही. क्रॅकवाल्यांनी माझ्याकडे बघून हसू नये.

लोगो. टेम्पलेटमध्ये लोगो बदलायची सोय असते. तुम्ही घातलेला प्रायोजकाचा लोगो मोगर्टमध्ये शिरत नाही, तुमच्या डेस्कटॉपवरच राहतो. तो वेगळा द्यावा लागतो. गूगल ड्राइव्हसारख्या ऑनलाइन जागी ठेवलेला असेल तर मशीनवर खरोखर उतरलाय का पाहा, नुसतं चिन्ह दिसणं पुरत नाही.

देताना फाईल मेनूतला प्रोजेक्ट मॅनेजर वापरा आणि गोळा झालेला आख्खा फोल्डर द्या, वरची एक फाईल उचलून नाही. तोच फोल्डर दुसऱ्या मशीनवर एकदा उघडून बघा, मगच टपरीवर जा.

सतरंज्या गुंडाळायला माणसं आलीयत. प्रश्न जिन्यात विचारा, आजोबा आधी.