बेअर क्रीकमधला मुरूम

मित्रहो, ग्रीनबॅक कटथ्रोट ट्राउट हा कोलोरॅडोचा राज्यमासा. 1937च्या सुमारास तो संपला असंच मानलं गेलं. पुढे काही ओढ्यांत सापडला म्हणून त्याची पैदास केली, ठिकठिकाणी सोडला. मग 2012 मध्ये संग्रहालयांत जपलेल्या एकोणिसाव्या शतकातल्या माशांचा डीएनए तपासला गेला आणि कळलं, की एवढी वर्षं सांभाळलेले मासे दुसऱ्याच वंशाचे होते. अस्सल ग्रीनबॅक उरला होता एकाच ओढ्यात. कोलोरॅडो स्प्रिंग्ज शहराच्या डोक्यावरच्या बेअर क्रीकमध्ये, जेमतेम सहा किलोमीटरच्या पट्ट्यात, आठशेहूनही कमी. तोही ओढा त्याचा मूळचा नव्हे. साउथ प्लॅट नदीच्या खोऱ्यातला हा मासा जोन्स नावाच्या माणसाने एकोणिसाव्या शतकात तिथे आणून सोडला होता.

तिथला धोका माशाच्या बाहेरचा होता. तिथल्या पाइक्स पीक डोंगराचा ग्रॅनाइट कुजून त्याचा भरड मुरूम होतो. ओढ्याला लागून गेलेल्या वाटेवरून पाऊस हा मुरूम थेट पाण्यात नेतो. ट्राउट खडीत खळगा करून अंडी घालतो आणि खडीच्या फटींतून वाहणाऱ्या पाण्यातून अंड्यांना प्राणवायू मिळतो. फटी बुजल्या की अंडी गुदमरतात. डोह भरले की हिवाळ्यात माशाला आसरा उरत नाही.

म्हणून आधी वाट. वाटेचा चढ डोंगरउताराच्या निम्म्याहून जास्त नको आणि सरासरी दहा टक्क्यांच्या आत हवा. पृष्ठभाग दरीकडे किंचित कलता ठेवायचा. पाणी वळवायला लाकडाचा ओंडका आडवा पुरतात, पण तो वाटेला काटकोनात घातला की मागे गाळ साचतो आणि पाणी त्यावरून उडी मारून नवी घळ पाडतं. तो तिरपा हवा. त्याहून टिकाऊ म्हणजे वाटेलाच लाटेसारखा खोलगट भाग देणं. जुनी वाट नुसती बंद करूनही भागत नाही. ती खणून भुसभुशीत करावी लागते, फांद्या अंथराव्या लागतात, नाहीतर लोक पुन्हा तिथूनच जातात.

हे काम एका खात्याचं नाहीच. ओढ्याच्या वरच्या भागातल्या जोन्स पार्कची जमीन शहराच्या पाणीपुरवठा संस्थेची होती, ती 2015 मध्ये एल पासो काउंटीकडे गेली. आजूबाजूला वनखात्याचं जंगल, मासा वन्यजीव खात्याचा, आणि फावडी हातात घेणारे स्वयंसेवक. त्या वाटेवर धावणाऱ्या मोटारसायकलींवरून 2012 मध्ये दावाही दाखल झाला. वाट बंद करताना पर्यायी वाट आखून दिली नाही तर वापरणारेच विरोधात उभे राहतात. माझ्या मते भागीदारीची खरी कसोटी तिथे लागते.

एकाच ओढ्यात सगळा वंश म्हणजे एक वणवा पुरे. दुसरं घर हवं, आणि तिथे परका ब्रूक ट्राउट असतो. त्याची पिल्लं वसंतात आधीच बाहेर पडतात, त्यामुळे उन्हाळ्यात जन्मणाऱ्या कटथ्रोटपेक्षा ती मोठी आणि वरचढ ठरतात. म्हणून खालच्या अंगाला उंच धबधबा किंवा बांध पाहून त्याच्या वरच्या भागात रोटेनोन हे मासे मारणारं विष ठिबकत सोडतात. ते कल्ल्यांवाटे शिरतं आणि पेशींचं श्वसन थांबवतं. फसगत होते ती झऱ्यांपाशी. तिथलं स्वच्छ पाणी माशांना वाचवतं, म्हणून पाठीवरच्या पंपाने तिथे हाताने फवारावं लागतं. खालच्या टोकाला पोटॅशियम परमँगनेट, आपल्याकडे विहिरीत टाकतात तेच, मिसळून विष निष्क्रिय करतात. थंड पाण्यात त्याला जास्त वेळ लागतो, म्हणून खाली पिंजऱ्यात जिवंत मासे ठेवून खात्री करून घेतात. पाणी शहर पिणार असेल तर हे सगळं नागरिकांना आधी, उघडपणे सांगितलंच पाहिजे.

हर्मन गल्च या अशाच दुसऱ्या ओढ्यात 2016 साली स्वयंसेवकांनी पिल्लं पाठीवर वाहून नेली. पिशवीत थंड पाणी आणि वर प्राणवायू. पोचल्यावर पिशवी ओढ्यात ठेवून थोडं थोडं पाणी आत घ्यायचं. तापमान एकदम बदललं तर पिल्लं तिथेच मरतात. 2022 मध्ये त्या ओढ्यात या माशाची नैसर्गिक वीण होत असल्याचं जाहीर झालं.