डॉक्टर स्पॉक आणि रडणारं बाळ

श्रोतेहो, नमस्कार.

बाळ भुकेनं रडतंय. आईला पान्हा फुटलाय, पण ती घड्याळाकडे बघत दाराबाहेर उभी आहे, कारण दूध चार तासांनीच पाजायचं, असं तिला बजावलंय. शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या शिकल्यासवरल्या घरांत याला शास्त्र म्हणत. जॉन वॉटसन या मानसशास्त्रज्ञानं १९२८ साली लिहिलं होतं, मुलांना मिठीत घेऊ नका, मांडीवर बसवू नका. सकाळी हात मिळवा, पुरे.

त्या आईला दार उघडायचं बळ दिलं डॉ. बेंजामिन स्पॉक यांनी. जन्म १९०३, न्यू हेवनचा. १९२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये नौकानयनात सुवर्णपदक मिळवलेला हा उंचापुरा माणूस पुढे न्यूयॉर्कमध्ये बालरोगतज्ज्ञ झाला. वैद्यकीच्या जोडीला त्यांनी मनोविश्लेषणही शिकून घेतलं होतं, त्यामुळे बाळाच्या पोटाइतकंच त्याचं मनही त्यांना दिसत होतं. बालसंगोपनावरचं पुस्तक ते तोंडी सांगत आणि पत्नी जेन टंकलेखन करत. १९४६ साली ते निघालं, स्वस्त आवृत्तीची किंमत पंचवीस सेंट. सुरुवातच अशी, की स्वतःवर भरवसा ठेवा, तुम्हाला वाटतं त्याहून जास्त तुम्हाला कळतं. भूक लागली की पाजा, रडलं की उचला. आपल्याकडच्या आज्यांना यात नवल वाटलं नसतं. पण तिथल्या आईला हे डॉक्टरच्या तोंडून ऐकायला मिळालं, हे फार मोठं होतं. पुढे पुस्तकाच्या कोट्यवधी प्रती खपल्या.

व्हिएतनाम युद्धाला त्यांनी उघड विरोध केला. सक्तीची सैन्यभरती नाकारणाऱ्या तरुणांना चिथावल्याच्या खटल्यात १९६८ साली बोस्टनमध्ये त्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली. वरच्या न्यायालयानं ती पुढच्या वर्षी रद्द केली. त्यांच्या सल्ल्यानं मुलं लाडावली, असं म्हणणारेही होते. मला ते पटत नाही. शिस्त हवीच, असं ते स्वतःही सांगत.

पण एक चूक मी झाकणार नाही. १९५८च्या आवृत्तीपासून त्यांनी तान्ह्या बाळाला पालथं झोपवायला सांगितलं. उताणं बाळ उलटी झाली तर गुदमरेल, ही त्यांची भीती. तेव्हा इतर डॉक्टरांचंही तेच मत होतं. पुढे संशोधनातून उलटंच निघालं: पालथं झोपवल्यानं झोपेतल्या अचानक मृत्यूचा धोका वाढतो. ज्यांच्यावर आयांनी डोळे मिटून विश्वास टाकला, त्यांच्याच पुस्तकातलं हे वाक्य. वाचताना आजही जीव कळवळतो.

१९९८ साली डॉ. स्पॉक गेले. तुमच्या घरी तान्हं असेल तर आज रात्री त्याला उताणं झोपवा. आणि मध्येच रडलं, तर जवळ घ्या.